जावक वही

सरकारी कचेरीत दोन वह्या असतात, आवक आणि जावक. आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत मात्र एकच चालते. बाजार समितीत कापूस किती आला, केळीला काय भाव फुटला, महामार्गावर कोणतं नवं शोरूम उघडलं, भुसावळचा पारा कुठे पोचला. सगळी आवक. जे गेलं त्याची बातमी होत नाही, कारण ते एका दिवसात जात नाही. मग कधीतरी लग्नाच्या पंगतीत कुणी विचारतं, हल्ली ते दिसत नाही हो. तेव्हा ही जळगाव-धुळ्याकडची थोडी जावक. क्रम लावलेला नाही; शेवटची नोंद तेवढी मुद्दाम शेवटी.

*

पाचोरा-जामनेर गाडी. लोकांच्या तोंडी नुसती पी. जे.

रुळांमधलं अंतर अडीच फूट, लांबी छप्पन किलोमीटर. १९१८-१९ मध्ये सुरू झाली. पाचोरा, वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा, जामनेर. एवढ्या अंतराला दोन तासांहून जास्त वेळ घ्यायची. एसटी तिच्या आधी पोचायची, तरी गाडी रिकामी नसे. तिकीट स्वस्त, आणि एसटीत कंडक्टर ज्या गाठोड्याला नाक मुरडतो ते गाठोडं इथे बिनबोभाट चढायचं. माथेरानच्या गाडीला डोंगर आहे, धुकं आहे, फोटो काढणारे आहेत. पी. जे.ला कपाशी, मका आणि सपाट काळी जमीन. तिच्यावर कुणी सिनेमाचं गाणं चित्रित केलं नाही, म्हणून तिला वारसा म्हणायला कुणी धावलं नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि देशातल्या सगळ्या प्रवासी गाड्या थांबल्या. बाकीच्या बहुतेक पुन्हा सुटल्या. ही सुटली नाही.

आता तिथे रुंद रूळ टाकून गाडी पुढे बोदवडपर्यंत न्यायची योजना आहे. मला अडीच फुटी गाडीचा हट्ट नाही. जामनेरच्या पोराला थेट मोठ्या लाइनीवर नेणारी गाडी मिळत असेल तर जुनी जाऊ दे. हरकत आहे ती मधल्या वर्षांना. जुनं थांबवायचं आणि नव्याच्या भूमिपूजनाकडे बघत बसायचं, या मधल्या काळात शेंदुर्णीहून पाचोऱ्याला शिकायला जाणाऱ्या मुलीची दहावी-बारावी होऊन जाते. रूळ रुंद झाले की त्या गाडीलाही लोक पी. जे.च म्हणतील. आमच्याकडे वस्तू जाते आणि नाव मागे राहतं. पुढच्या बऱ्याच नोंदी तशाच आहेत, म्हणून पहिल्या पानावर सांगून ठेवलं.

*

'काव्यरत्नावली', मासिक.

जळगावात काव्यरत्नावली चौक आहे. रिक्षावाल्याला नाव सांगा, तो बरोबर सोडतो. संध्याकाळी तिथे तरुणांची गर्दी, अधूनमधून एखादा मोर्चा, एखादी मेणबत्त्यांची रांग. १८८७ साली नारायण नरसिंह फडणीस यांनी जळगावातून या नावाचं मासिक काढलं आणि ते केवळ कवितेला वाहिलं. १९३५ पर्यंत ते चाललं. जळगाव तेव्हा रेल्वे, कापूस आणि गिरणी यांच्यामुळे नुकतं कुठे मोठं होऊ लागलेलं गाव. तिथे कुणी अठ्ठेचाळीस वर्षं कविता छापत बसतो आणि केशवसुतांसारखे कवी त्याला कविता पाठवतात, याचं मला अजून नवल वाटतं. १९०७ साली इथेच कविसंमेलन भरलं. डॉ. कीर्तिकर अध्यक्ष होते. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली आणि तो तिथून 'बालकवी' होऊन परतला.

चौकाला पुढाऱ्याचं नाव देतात, संताचं देतात, फार तर कवीचं. मासिकाचं नाव असलेला चौक मला दुसरा माहीत नाही. या मासिकाचे जुने अंक कुणाच्या माळ्यावर, एखाद्या वाचनालयाच्या मागच्या कपाटात असतील, तर आधी ते बाहेर काढायला हवेत. चौक कुठे जात नाही.

*

खानदेश मिलचा भोंगा. मूळजी जेठांची गिरणी, १८७० च्या दशकातली. भोंग्यावर अर्धं जळगाव उठायचं. आता त्या जागेला खान्देश सेंट्रल म्हणतात. नाव पुन्हा शिल्लक, अर्धं.

*

एरंडोलचा कागद आणि यावलची नीळ. जुन्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये दोन्ही गावांची ओळख हाताने बनवलेल्या जाड्याभरड्या कागदाची दिली आहे, यावलला जोडीला नीळही. गॅझेटियर लिहिलं गेलं तेव्हाच ती भाषा 'एके काळी' अशी होती. म्हणजे ही नोंद आमच्या हातात येण्याआधीच जावक झालेली.

*

सालदार.

अक्षय्य तृतीयेला इतर महाराष्ट्र सोनं घेतो. खानदेशात ती आखाजी. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात, आणि पारावर पत्त्यांचा डाव त्या दिवशी उघड्यावर बसतो. पण शेतकऱ्याच्या लेखी आखाजीचं खरं काम वेगळं. त्या दिवशी सालदाराचं जुनं साल संपतं आणि नवं लागतं. वर्षाची रक्कम किती, वर ज्वारी-गहू किती, कपड्याचे जोड किती, उचल किती, सगळं ओट्यावर बसून तोंडी ठरायचं. कागद नाही, अंगठा नाही. दोन माणसं साक्षीला.

आता दर आखाजीला बातमी ठरलेली: सालदार मिळेना. सालाचे आकडे लाखाच्या पुढे बोलले जातात. बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, सालदाराची मुलं सुरतेला, पुण्याला, एमआयडीसीत गेली. बातमी नेहमी शेतकऱ्याच्या बाजूने लिहिलेली असते, त्यात एक सुस्कारा असतो.

या नोंदीवर मी सुस्कारा टाकणार नाही. बारा महिने, रात्रीच्या राखणीसकट एका दाराशी बांधलेला माणूस, आणि उचल फिटली नाही तर पुढचं सालही त्याच दारात. 'आमचा सालदार अगदी घरच्यासारखा होता' असं मालकाची मुलं सांगतात. सालदाराच्या मुलांनाही एकदा विचारावं. ही पद्धत गेली ते चांगलं झालं.

फक्त तिच्या गाठोड्यात आणखी काही बांधलं गेलं. तास सरळ कसं धरायचं, तिफणीच्या चाड्यावर मूठ किती मोकळी सोडायची, वखराची पास कधी लावून घ्यायची, बिथरलेल्या खोंडाला जुवाखाली कसं आणायचं, हे सगळं ज्याच्या हातात होतं तो सालदार होता, मालक नव्हे. मालकाला त्यातली नावं माहीत, हाताला सवय नाही. सालदाराच्या मुलाने ते शिकावं अशी अपेक्षा करायचा कुणालाच हक्क नाही. निदान नावं आणि चित्रं तरी राहिली, ती डॉ. रमेश सूर्यवंशी यांच्यामुळे. त्यांनी खानदेशातल्या कृषिजीवनाचा सचित्र कोश केला आहे. औताचा प्रत्येक भाग, त्याचं गावाकडचं नाव. असलं काम विद्यापीठं समित्या नेमून करतात आणि बऱ्याचदा करत नाहीत.

बहिणाबाईंच्या कवितांची शीर्षकं घ्या: पेरनी, कापनी, रगडनी, उपननी. शेतीच्या हंगामाचं वेळापत्रकच. आज त्यातलं रगडणं आणि उपणणं एकच यंत्र एका सकाळीत उरकतं. आसोद्याच्या या बाईंचा मृत्यू ३ डिसेंबर १९५१ चा. गाणी सोपानदेव चौधरी आणि पितांबर चौधरी यांनी उतरवून घेतली म्हणून राहिली, १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. घरात कुणी वही घेऊन बसलं नसतं तर ही नोंदसुद्धा जावकेत असती, आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

*

फड.

तमाशाचा नव्हे, पाण्याचा. धुळे जिल्ह्यात पांझरेवर, पलीकडे बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवर ही व्यवस्था तीन-चारशे वर्षं चालली. नदीत दगडी बंधारा. बंधाऱ्यातून पाट निघतो, दोन किलोमीटरपासून बारा किलोमीटरपर्यंत. पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेताशेतात जाणारे सारंग. जास्तीचं पाणी सांडमातून परत नदीत. इंजिन नाही, मोटार नाही; जमिनीचा उतार काय तो कामाला.

पण बांधकाम हा त्यातला सोपा भाग. पाटाखालच्या शिवाराचे मोठमोठे तुकडे पाडलेले, ते फड. एका फडात त्या वर्षी एकच पीक. एकात ऊस, दुसऱ्यात गहू किंवा हरभरा, आणि पाणी कमी दिसलं तर एखादा फड सरळ पडीक. कोणता फड भिजवायचा, कोणता ठेवायचा हे दरवर्षी गाव बसून ठरवायचं. ज्याचं शेत पडीक फडात गेलं त्याने बोंबलायचं नाही. पाणी द्यायला पाटकरी, पीक राखायला जागल्या. आपल्या शेताचं दार आपण उघडायचं नाही, ते पाटकऱ्याने उघडायचं. शेजाऱ्याशी भांडण असलं तरी पाटातला गाळ दोघांनी मिळून काढायचा.

१८८४ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई प्रांताच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले, तेव्हा त्यांची सुरुवातीची नेमणूक याच भागात होती. पांझरेच्या एका पात्राखालून पाटाचं पाणी नळाने पलीकडे नेण्याचं काम या तरुण इंजिनीअरने इथे केलं. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. तिचं मूळ फडात शोधणारे अभ्यासक आहेत.

मग वरच्या अंगाला धरणं झाली. नदीचं पाणी सरकारी पाळीवर आलं, पाटकऱ्याच्या हातून निसटलं. त्याहीपेक्षा मोठा घाव विहिरीवरच्या मोटारीचा. ज्याच्या बांधावर पाच हॉर्सपॉवर आहे त्याने गावाच्या ठरावासाठी आपला फड पडीक का ठेवावा? त्याने ठेवला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही ठेवला नसता. बंधारे अजून बऱ्याच ठिकाणी जागेवर आहेत, काही पाटांना पाणीही येतं. दगड टिकले, बैठक मोडली. आता शासन पाणी वापर संस्था काढायला सांगतं, अर्ज छापून देतं, आणि लोक सभेला येत नाहीत म्हणून अधिकारी वैतागतात. साक्री तालुक्यात त्या अधिकाऱ्यांनी कधी एखाद्या म्हाताऱ्या पाटकऱ्याला खुर्ची द्यावी आणि आपण खाली बसावं.

त्याच साक्री तालुक्यात बारीपाडा आहे, चैत्राम पवारांचं गाव. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. गावाने जंगल राखलं, वर्षातून एकदा तिथे वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. म्हणजे गाव बसून ठरवू शकतं, ते कुठे संपलेलं नाही. आवक वहीत ही एक ओळ जाऊ द्या.

*

धाबं.

धाब्याचं घर म्हणजे सागाची खांडं, वर काड्यांचा थर, त्यावर मातीचा जाड सपाट थर. मृगाच्या आधी वर नवी माती टाकायची, पन्हाळी साफ करायच्या. नाही टाकली तर रात्री पातेली मांडून बसायचं. उन्हाळ्यात बिबडे, कुरडया, मिरच्या वर. रात्री माणसं वर. सारी आळी एकमेकांच्या धाब्यावरून चालत जाऊ शकायची, त्यामुळे भांडणंही वरच्या वर व्हायची आणि मिटायचीही.

जळगावचा मे महिना पंचेचाळीसच्या पुढे जातो. मातीच्या जाड थराखाली तो सोसवायचा. पत्र्याखाली सोसवत नाही, स्लॅबखाली रात्री बारालाही भिंत तापलेली असते. पण सरकारी पाहणीत मातीचं छप्पर म्हणजे कच्चं घर. घरकुलाच्या यादीत नाव यायला धाबं उपयोगी पडतं, आणि यादीत नाव आलं की ते पाडावं लागतं. पुन्हा मातीच्या घरात जा असं मी कुणाला सांगणार नाही. दरवर्षी माती वाहणं, वाळवीशी लढणं ज्यांनी केलं त्यांनाच ते माहीत. तरी स्लॅबच्या घराचा नकाशा पुण्याला आणि यावलला एकच का, हा प्रश्न इंजिनीअरिंग कॉलेजातल्या कुणीतरी सोडवायला घ्यायला हरकत नाही.

*

बसराई केळी.

रावेर, यावल, सावदा, निंभोरा. रेल्वेच्या वाघिणी भरून घड दिल्लीकडे जायचे, खाली-वर पाला घातलेला. ती केळी बहुतेक बसराई. बुटकं झाड, पीक हाताशी यायला दीड वर्ष. मग नव्वदच्या दशकात टिश्यूकल्चरची रोपं आली, ग्रँड नैन. शेतकरी तिला जी-नाइन म्हणतो. घड मोठा, वर्षभराच्या आत कापणीला, सगळी बाग एकदम तयार. बसराई हटली. रडण्यासारखं त्यात काही नाही. बसराई तरी कुठे मूळची इथली होती!

२०१६ मध्ये 'जळगावची केळी' या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२१ मध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची बावीस टन मानांकित केळी दुबईला गेली. नाव जळगावचं, रोप प्रयोगशाळेतलं, खोका पुठ्ठ्याचा. भाव मिळतो तोवर शेतकऱ्याची तक्रार नाही. फक्त सगळ्या तालुक्यात एकाच झाडाच्या प्रती उभ्या असल्या की रोगही सगळ्यांना एकच लागतो. पानं चट्ट्यापट्ट्यांची करणारा मोझॅक विषाणू, शेतकरी ज्याला हरण्या म्हणतात, त्याने बागाच्या बागा उपटायला लावल्या. बसराईचे चार कंद कुणाच्या परसात असतील तर ठेवा.

*

खापर, बडगी आणि दादर.

खापर म्हणजे मांडे भाजायचं मातीचं भांडं, चुलीवर पालथं घालायचं. मांडा हातांवर वाढवत नेऊन खापरावर टाकणं हे काम करणाऱ्या बाया आता घरात कमी आणि लग्नाच्या ऑर्डरीवर जास्त. बडगी म्हणजे भरीत ठेचायची लाकडी परात. वांगी भाजायची ती पऱ्हाटीवर किंवा तुरीच्या काड्यांवर, गॅसवर नव्हे. आसोदा, भादली, बामणोदकडची ती मोठी, हिरवट, पांढऱ्या रेघांची वांगी. भरिताच्या वांग्यालाही मानांकन आहे. हिवाळ्यात जळगावात भरीत किलोवर विकत मिळतं आणि चांगलं मिळतं. घरची बडगी मात्र माळ्यावर गेली, तीत आता जुन्या पावत्या असतात.

दादर म्हणजे तापीकाठच्या काळ्या जमिनीत ओलीवर येणारी रब्बी ज्वारी. भाकरी पांढरी आणि गोड. मजूर मिळत नाहीत, पाखरं राखायला माणूस नाही, म्हणून शेतकऱ्याने मका धरला. ज्वारीत उडीद मिसळून केलेली कळण्याची भाकरी आता हॉटेलच्या फलकावर 'स्पेशल' म्हणून दिसते. गरिबाघरची भाकरी स्पेशल झाली की ती घरातून गेली असं समजावं.

*

अमळनेरचे कागदी शेअर.

२९ डिसेंबर १९४५ रोजी अमळनेरसाठी एक कंपनी नोंदली गेली: वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. शेंगदाण्याच्या तेलापासून वनस्पती तूप काढायचं, आणि जोडीला ७८७ नावाचा कपडे धुण्याचा साबण. या कंपनीची पुढे विप्रो झाली. गावातल्या लोकांनी शेअर घेतले आणि कित्येकांनी ते विकलेच नाहीत. बोनस मिळत गेले, कागद साठत गेले, पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूच्या घडीत. देशातल्या इतर शहरांत शेअर म्हणजे जुगार समजत होते तेव्हा अमळनेरात मुलीच्या लग्नाची तजवीज शेअरवर होत होती.

१ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, आधी डीमॅट करावं लागतं. कागद गेले, आकडे राहिले. एवढी फायद्याची जावक या वहीत दुसरी नाही. तरी ज्यांच्याकडे जुनं प्रमाणपत्र आहे त्यांनी डीमॅटला देण्याआधी एक फोटो काढून ठेवावा.

*

चाळीसगावातलं जादाचं ताट. केकी मूस यांचं. जन्म १९१२, मृत्यू ३१ डिसेंबर १९८९. स्टेशनजवळच्या दगडी घरात त्यांनी आयुष्य काढलं आणि घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. टेबलावर चिमूटभर रेती, पावडर, काड्या मांडून बर्फाळ रात्री आणि वाळवंटं उभी करायची आणि त्यांचे फोटो काढायचे, ही त्यांची कला. जगभरची बक्षिसं या घराच्या पत्त्यावर आली. पंजाब मेलने कुणी येणार म्हणून रोज दोघांचं जेवण मांडलेलं असे, असं सांगतात. घर आज संग्रहालय आहे. पंजाब मेल रोज चाळीसगावावरून जाते. टेबलावरची तशी बर्फाळ रात्र आता फोनला सांगितलं की फोन करून देतो, रेतीसुद्धा लागत नाही. चाळीसगावला उतरून त्या खोलीतलं टेबल बघून यावं, मग दोन्हींतला फरक कुणी समजावून द्यावा लागत नाही.

*

गावांची, जिल्ह्यांची नावं. पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश १९०६ मध्ये झाले, महाराष्ट्र झाल्यावर जळगाव आणि धुळे म्हणून कागदावर आले. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघालं. एदलाबादचं मुक्ताईनगर झालं. जुन्या खरेदीखतांवर 'पू. खा.' दिसतं, नव्या तलाठ्याला ते काय हे सांगावं लागतं. धुळ्याच्या जुन्या पेठेत मात्र गल्ल्यांना अजून नंबर आहेत. कॅप्टन ब्रिग्जने १८१९ च्या सुमारास आखणी केली तेव्हापासूनचा तो शिरस्ता. नंबर कुणी बदलले नाहीत, कारण आकड्याची जयंती नसते.

*

गुलाबाई. मुलींचा उत्सव, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत, गुलोजीसह. गाणी मुलींना यूट्यूबवर मिळतात. डब्यातला खाऊ हलवून ओळखायचा खेळ तिथे मिळत नाही.

*

रानपिंगळा. ही नोंद जावकेत चुकीने पडली होती.

छोटं घुबड, १८७३ मध्ये ह्यूमने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात पश्चिम खानदेशात त्याचे नमुने जमवले. नंतर शंभर वर्षांहून जास्त काळ पक्षी कुणाला दिसला नाही. मध्ये १९१४ सालचा एक नमुना होता, कर्नल माइनर्ट्झहागेनचा, गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून दाखवलेला. तो खोटा निघाला. या गृहस्थांनी लंडनच्या संग्रहालयातला डेव्हिडसनचाच नमुना उचलला, उसवून पुन्हा भरला आणि आपल्या नावावर लावला. खानदेशचा पक्षी चोरून गुजरातच्या पत्त्यावर टाकला, एवढाच त्याचा आमच्यापुरता अर्थ. त्यामुळे शोधणारे कित्येक वर्षं चुकीच्या जागी शोधत राहिले.

पामेला रासमुसेन यांनी ही चोरी पकडली, खरे जुने पत्ते धरले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांच्यासह त्या शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी आल्या. पक्षी दिवसाढवळ्या झाडावर बसलेला होता. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. पुढे यावलच्या जंगलातही तो सापडला. जागतिक यादीत २०१८ पासून त्याची पायरी 'अतिधोक्या'तून 'धोक्या'त आली आहे. हा पक्षी जुन्या झाडांच्या ढोलीत राहतो. ढोली असलेली झाडं पाडून रोपवन केलं की तो परत जावकेत.

*

अहिराणी.

शेवटी मुद्दाम ठेवली, कारण तिची नोंद बाकीच्यांच्या उलट आहे. गाडी, गिरणी, मासिक, केळी, या सगळ्यांची वस्तू गेली आणि नाव राहिलं. अहिराणीची वस्तू जागेवर आहे, नाव चाललंय.

जागेवर आहे म्हणजे काय? धुळ्याच्या बसस्टँडवर उभं राहा. अमळनेर, पारोळा, शिरपूर, साक्री, चाळीसगाव, कुठल्याही बाजाराच्या दिवशी उभं राहा. फोन उघडलात तर त्याहून जास्त. 'हाई झुमकावाली पोर' हे गाणं महाराष्ट्रभर वाजलं, ज्यांना अहिराणीचं एक वाक्य येत नाही त्यांच्या हळदीतही वाजलं. मालेगाव-धुळ्याकडच्या विनोदी व्हिडिओंना जे प्रेक्षक आहेत त्यांची संख्या मराठी चित्रपटाच्या निर्मात्याने बघू नये, झोप उडेल. ग्रियर्सनने आपल्या भाषा-पाहणीत खानदेशीला वेगळी जागा दिली होती. शब्दकोश झाला, म्हणींचे संग्रह झाले, संमेलनं भरतात.

आणि जनगणना काय सांगते? अहिराणी जिच्या खाली मोजली जाते त्या 'खानदेशी'चे भाषक २००१ मध्ये पावणेएकवीस लाखांच्या आसपास होते. २०११ मध्ये अठरा लाख साठ हजार. दहा वर्षांत इथली लोकसंख्या वाढली आणि भाषा दोन लाखांहून जास्त माणसांनी घटली. एवढी माणसं गेली कुठे? कुठेच नाही. प्रगणक दारात आला, त्याने मातृभाषा विचारली, घरच्या शिकलेल्या पोराने मराठी सांगितलं; किंवा त्याने विचारलंच नाही, आधीच्या घरासारखं इथेही लिहून टाकलं. पोराची चूक म्हणावी तर शाळेत अहिराणी शब्द तोंडातून गेला म्हणून हसणारे मास्तर बहुतेकांना भेटलेले असतात. मुलाखतीला जाताना 'तुमच्या बोलण्यात खानदेशी डोकावतं' हे ऐकलेलंही असतं. घरात एक, कागदावर एक, ही सवय त्यातून लागते. रावेर-यावलकडच्या लेवा बोलीचं तर वेगळं मोजमापच नाही. ज्या बोलीतल्या कवयित्रीचं नाव आमच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये दिलं, ती बोली गणतीत मराठीच्या पोटात जाते.

येत्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे. त्याच्या आधी फेब्रुवारीत प्रगणक दारात येईल आणि मातृभाषा विचारेल. मराठी येते हे सांगायला 'येणाऱ्या इतर भाषा' असा वेगळा प्रश्न आजवर असत आला आहे, तेव्हा मराठीचं काही बिघडत नाही. आई ज्या बोलीत हाक मारते ती अहिराणी असेल तर अहिराणी सांगा, लेवा असेल तर लेवा सांगा. आणि तो काय लिहितो ते वाकून बघा.